भूगोलाची पदवी : अभ्यास कसा करावा आणि उपजीविका कशी उभी करावी

बारावीनंतर भूगोल विषय घेऊन पदवीला जाणाऱ्या विद्यार्थ्याला घरात विचारला जाणारा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो, तो म्हणजे "मग शिक्षक होणार का?" परिचारिका, वकील किंवा अभियंता यांच्या पदवीच्या नावातच त्यांचे काम सांगितलेले असते, भूगोलाच्या पदवीच्या नावात कोणतेही काम सांगितलेले नसते. त्यामुळे या पदवीधराला 'मी काय करू शकतो' हे स्वतः ठरवावे लागते आणि ते दाखवताही यावे लागते, आणि तेही शेवटच्या वर्षाचा निकाल लागल्यानंतर नव्हे, तर पहिल्या वर्षापासून. यासाठी मी विद्यार्थ्यांना एकच साधा उपाय सांगत आलो आहे. आपल्या ओळखीचा एक तालुका निवडावा आणि पदवीची सर्व वर्षे, अभ्यासक्रमात जे जे शिकवले जाईल ते त्या तालुक्यावर लावून पाहावे. पुढील मजकूर मुख्यतः हे कसे करावे आणि त्यातून कोणत्या वाटा निघतात याबद्दल आहे.

प्रवेशापूर्वी काय तपासावे

सर्वांत आधी एक घोटाळा दूर करणे आवश्यक आहे. भूगोल आणि भूशास्त्र (म्हणजे ज्याला भूगर्भशास्त्रही म्हणतात) हे दोन वेगळे विषय आहेत, आणि हा फरक केवळ शब्दांचा नसून नोकरीच्या पात्रतेचा आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या भूवैज्ञानिक परीक्षेतील भूशास्त्रज्ञाच्या पदासाठी भूशास्त्रातील पदव्युत्तर पदवी लागते. तेथे भूगोलाची एम. ए. किंवा एम. एस्सी. चालत नाही. भारतीय वनसेवेच्या परीक्षेत भूशास्त्र हा वैकल्पिक विषय आहे, भूगोल नाही, आणि केवळ भूगोलाच्या पदवीवर ती परीक्षा देताही येत नाही. भूमी अभिलेख विभागातील भूकरमापकाच्या भरतीत स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका किंवा आयटीआयचे सर्वेक्षक प्रमाणपत्र मागितले जाते. जमीन मोजण्याचे काम आहे म्हणून भूगोलाचा पदवीधर आपोआप पात्र ठरेल, असा समज करून घेऊ नये. या तीनपैकी एखादे पद हेच ज्याचे ध्येय असेल, त्याने दुसऱ्या विषयाला प्रवेश घेणे शहाणपणाचे ठरेल. ही गोष्ट तिसऱ्या वर्षात कळलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो.

महाराष्ट्रात भूगोल बहुतेक महाविद्यालयांत बी. ए.साठी आणि काही महाविद्यालयांत बी. एस्सी.साठी शिकवला जातो. दोन्हींच्या मूळ विषयात फारसे अंतर नसते; अंतर असते ते सोबतच्या विषयांत. ज्याला उपग्रह प्रतिमा, नकाशांचे संगणकीय काम किंवा हवामान यांकडे जायचे आहे, त्याने शक्य असल्यास बी. एस्सी. घ्यावे आणि संख्याशास्त्र टाळू नये. ज्याला नियोजन, ग्रामविकास किंवा प्रशासन यांत रस आहे, त्याला अर्थशास्त्राची जोड असलेले बी. ए. अधिक उपयोगी पडते. 'भूगोल आणि इतिहास' ही जोडी स्पर्धा परीक्षांच्या दृष्टीने लोकप्रिय आहे, परंतु केवळ तेवढ्याच कारणासाठी ती निवडणे मला पटत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडता येते किंवा चौथे वर्ष पूर्ण करून ऑनर्स पदवी घेता येते. चार वर्षे पूर्ण केलेल्यास पदव्युत्तर पदवी एका वर्षात मिळते. चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के गुण असतील, तर थेट पीएच. डी.च्या प्रवेशाचा मार्गही मोकळा आहे. संशोधनाकडे जाण्याचा विचार असेल तर पहिल्या सत्रापासूनच गुणांकडे लक्ष असावे, कारण संशोधनासह ऑनर्स घेण्याची परवानगी पहिल्या सहा सत्रांच्या गुणांवरून ठरते.

महाविद्यालय निवडताना माहितीपुस्तिकेपेक्षा विभागाची प्रयोगशाळा प्रत्यक्ष पाहावी. तेथे डम्पी लेव्हल, प्लेन टेबल आणि प्रिझमॅटिक होकायंत्र ही जमीन मोजण्याची उपकरणे असतात. ती कपाटात कुलूपबंद आहेत की वापरून झिजलेली आहेत, एवढ्यावरून बरेच कळते. मागील वर्षाच्या विद्यार्थ्यांची जर्नल्स आणि क्षेत्रभेटीचे अहवाल पाहायला मागावेत. सर्वांच्या अहवालात एकच मजकूर आणि एकच नकाशा असेल, तर क्षेत्रभेट ही सहल झाली होती असे समजावे. संगणकांची संख्या विचारण्यापेक्षा आठवड्यातून किती तास विद्यार्थ्याला संगणकावर बसता येते, हे विचारणे अधिक फायद्याचे आहे.

एक तालुका, सर्व पेपर

उदाहरणासाठी सातारा जिल्ह्यातील वाई तालुका घेऊ. पहिल्या वर्षी स्थलनिर्देशक नकाशा, म्हणजे ज्याला विभागात सगळे टोपोशीटच म्हणतात, तो वाचायला शिकवतात. भारतीय सर्वेक्षण विभागाने, ज्याची स्थापना १७६७ मध्ये झाली, संपूर्ण देशाचे हे नकाशे तयार केले आहेत आणि त्यांच्या पारंपरिक क्रमांकात जागेचा पत्ता दडलेला असतो. चार अंश अक्षांश आणि चार अंश रेखांशांच्या चौकोनाला एक अंक, त्याचे सोळा भाग करून प्रत्येकाला एक अक्षर, आणि त्याचेही पुन्हा सोळा भाग करून प्रत्येकाला एक अंक, अशी ती रचना आहे. वाई शहर ४७ जी/१३ या नकाशात येते, तर महाबळेश्वरच्या बाजूचा डोंगराळ भाग शेजारच्या ४७ जी/९ मध्ये. हे शेवटचे अंक वरून खाली मोजत जातात हे लक्षात आले की दोन नकाशे एकमेकांना कसे लागतात ते न शोधता कळते. १:५०,००० प्रमाणाच्या या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील अर्धा किलोमीटर. समोच्च रेषा, म्हणजे समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, यांच्यामधले उंचीचे अंतर वीस मीटरचे असते. त्या रेषा जेथे एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात, तेथे कडा असतो. नकाशा हातात घेऊन त्या कड्याखाली एकदा तरी उभे राहावे. समोच्च रेषा समजण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

प्राकृतिक भूगोलाच्या तासाला पर्जन्यछाया, म्हणजे डोंगराच्या आडोशामुळे कमी पाऊस मिळणारा प्रदेश, शिकवली जाते आणि बहुतेक विद्यार्थी तिची व्याख्या पाठ करून मोकळे होतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तेथून सरळ रेषेत पंचवीस-तीस किलोमीटरवर असलेल्या वाईत तो हजाराच्याही आत येतो. राज्याच्या कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर महसूल मंडळनिहाय दैनंदिन पावसाचे आकडे उपलब्ध असतात. तालुक्यातील मंडळांचे पाच पावसाळ्यांचे आकडे घेऊन पश्चिमेकडून पूर्वेकडे एक आलेख काढावा. हा आलेख काढल्यावर व्याख्या पाठ करण्याची गरज उरत नाही, आणि कोणत्या वर्षी हा उतार नेहमीसारखा दिसत नाही, असा स्वतःचा प्रश्नही पडू लागतो. संशोधनाची सुरुवात अशाच प्रश्नापासून होते.

मानवी भूगोल सुरू झाला की त्याच तालुक्याकडे दुसऱ्या अंगाने पाहता येते. २०११ च्या जनगणनेची गावनिहाय आकडेवारी मोफत मिळते. तिच्यात प्रत्येक गावाची लोकसंख्या, साक्षरता आणि काम करणाऱ्यांचे वर्गीकरण (शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगातील आणि इतर) दिलेले असते. त्यावरून क्षेत्रघनी नकाशा (प्रत्येक गावाला आकड्याच्या वर्गानुसार फिकट-गडद छटा देणारा नकाशा) काढला की पश्चिमेकडची विरळ वस्तीची डोंगरी गावे आणि कृष्णेच्या काठची ऊस-हळदीची दाट वस्तीची गावे वेगळी दिसू लागतात. तेथून पुढे धोम धरणाचा कालवा, भुईंजचा साखर कारखाना, डोंगरी गावांतून मुंबईकडे झालेले स्थलांतर, असे विषय एकमेकांत गुंतत जातात. प्राकृतिक आणि मानवी असे विषयाचे दोन तुकडे करून त्यातील एकाला 'माझा नाही' म्हणून सोडून देण्याची सवय विद्यार्थ्यांमध्ये आहे आणि, खरे सांगायचे तर, काही प्राध्यापकांमध्येही आहे. ती लावून घेऊ नये. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गेले, तेव्हा उतार, माती आणि पाऊस यांचा प्रश्न जेवढा होता, तेवढाच तेथे वस्ती कशी वसली, शेती कशी होते आणि लोकांना दुसरीकडे कुठे वसवायचे, हाही प्रश्न होता. भूगोलाच्या पदवीधराला मागणी असते ती हे दोन्ही प्रश्न एकत्र धरता येतात म्हणून.

तालुका निवडताना तो स्वतःचा असावा असे नाही, मात्र तेथे एसटीने किंवा दुचाकीने जाऊन संध्याकाळी परत येता यावे. जे नकाशावर दिसते ते जमिनीवर तसेच आहे का, हे पाहण्यासाठी वारंवार जावे लागते.

संगणकावरील काम

भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजे जागेशी जोडलेली माहिती संगणकावर नकाशाच्या थरांत मांडून तपासणारी जीआयएस, आता बहुतेक विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात आहे. महागडी सॉफ्टवेअर नाहीत म्हणून अडून राहू नये. क्यूजीआयएस हे जीआयएसचे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालते. माहितीही मोठ्या प्रमाणात मोफत मिळते. इस्रोचे भुवन संकेतस्थळ २००९ पासून सुरू आहे, लँडसॅट उपग्रहांच्या तीस मीटर विभेदनाच्या (म्हणजे प्रतिमेतील एक ठिपका जमिनीवर तीस मीटरचा) प्रतिमा २००८ पासून विनामूल्य आहेत, सेंटिनेल-२ च्या प्रतिमा दहा मीटरपर्यंत तपशील देतात, आणि फेब्रुवारी २००० मधील अंतराळयान मोहिमेतून तयार झालेली एसआरटीएमची उंचीची माहितीही उतरवून घेता येते. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन (म्हणजे उपग्रह किंवा विमानातून जमिनीची माहिती घेण्याच्या शास्त्राची) संस्था दूरस्थ पद्धतीने विनाशुल्क अभ्यासक्रम चालवते. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत त्यातील एक-दोन पूर्ण करावेत.

येथे एका चुकीचा उल्लेख मुद्दाम करतो, कारण ती जवळजवळ प्रत्येक नवशिक्या विद्यार्थ्याच्या प्रकल्पात सापडते. नकाशाचा थर अक्षांश-रेखांशांत असताना त्यावरून क्षेत्रफळ किंवा अंतर मोजले, तर येणारा आकडा निरर्थक असू शकतो, कारण अंश हे लांबीचे एकक नाही. मोजमापाआधी थर यूटीएमसारख्या मीटरमधील प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या पद्धतीत) बदलून घ्यावा लागतो; यूटीएम पृथ्वीचे सहा-सहा अंश रेखांशांचे पट्टे पाडते, आणि महाराष्ट्राच्या बाबतीत आणखी एक गोम अशी की राज्य दोन यूटीएम पट्ट्यांत विभागलेले आहे. ७८ अंश पूर्व रेखांश यवतमाळ शहराच्या थोडे पश्चिमेकडून जातो. त्याच्या पश्चिमेचा भाग ४३ उत्तर पट्ट्यात आणि पूर्वेचा ४४ उत्तर पट्ट्यात येतो. वाईचे काम ४३ मध्ये करायचे आणि नागपूरचे ४४ मध्ये. मुलाखतीत कोणते सॉफ्टवेअर येते हे सर्वच उमेदवार सांगतात. हा फरक सांगणारा उमेदवार मात्र लगेच लक्षात राहतो.

सॉफ्टवेअरमधील कळा दाबता येणे म्हणजे भूगोल येणे नव्हे. उपग्रह प्रतिमेवरून जमीनवापराचे वर्गीकरण संगणक करून देतो, परंतु मे महिन्यातील प्रतिमेत उन्हाने भाजलेले गवत आणि पडीक जमीन यांचा रंग सारखा दिसतो, हे तेथे जाऊन आलेल्यालाच ठाऊक असते. म्हणून वर्गीकरणाच्या प्रत्येक प्रकल्पात तीस-चाळीस ठिकाणी स्वतः जाऊन, जीपीएसवर नोंद करून आणि छायाचित्र घेऊन पडताळणी करावी. अहवालात तेथे आढळलेल्या चुकाही लिहाव्यात. संगणकीय आज्ञावली लिहिण्याची (प्रोग्रॅमिंगची) थोडी ओळख, विशेषतः पायथन या भाषेची, आता उपयोगी नव्हे तर जवळजवळ आवश्यक झाली आहे.

भाषेबद्दल थोडे. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने संज्ञांची मराठी-इंग्रजी वही पहिल्या दिवसापासून ठेवावी. मराठी विश्वकोश, ज्याचे कार्यालय योगायोगाने वाईलाच आहे, आता संगणकावर मोफत वाचता येतो आणि भूगोलाच्या कित्येक संकल्पना त्यात पाठ्यपुस्तकापेक्षा नीट समजावलेल्या आहेत. संकल्पना मराठीतून पक्की करून घ्यावी आणि मग इंग्रजी ग्रंथ वाचावा. उलट क्रमाने गेल्यास बहुधा दोन्ही कच्चे राहतात.

पदवीनंतरच्या वाटा

सर्वांत गर्दीची वाट स्पर्धा परीक्षांची आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत भूगोल वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो. त्याचे प्रत्येकी २५० गुणांचे दोन पेपर असतात आणि उत्तरे मराठीतून लिहिता येतात. त्याशिवाय पूर्वपरीक्षेत आणि सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरमध्येही भूगोल येतोच. महाराष्ट्र लोकसेवा आयोगानेही २०२५ पासून राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक केली असून तिच्यात वैकल्पिक विषयाचे दोन पेपर आले आहेत, त्यामुळे दोन्ही परीक्षांची तयारी बरीचशी एकत्र करता येते. उत्तरात झटपट काढलेला नेमका रेखानकाशा हे भूगोलाच्या विद्यार्थ्याचे बलस्थान असते. तरीही माझे मत असे की या परीक्षांना किती वर्षे द्यायची याची मर्यादा आधीच ठरवून ठेवावी आणि त्या काळात दुसऱ्या एखाद्या वाटेचे कौशल्य गंजू देऊ नये.

अध्यापनात जायचे असेल तर पायऱ्या ठरलेल्या आहेत. माध्यमिक शाळेसाठी पदवीनंतर बी. एड., कनिष्ठ महाविद्यालयासाठी पदव्युत्तर पदवी आणि बी. एड.; शाळांतील भरती अभियोग्यता चाचणी आणि राज्याचे शिक्षक भरतीचे पवित्र पोर्टल यांतून होते. वरिष्ठ महाविद्यालयासाठी नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्यस्तरीय) ही प्राध्यापक पात्रता परीक्षा लागते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. नेटमधून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाल्यास जानेवारी २०२३ पासूनच्या दरानुसार दरमहा ३७,००० रुपये मिळतात. सेटमध्ये अशी छात्रवृत्ती नाही, म्हणून दोन्ही द्याव्यात. पात्रता मिळाली म्हणजे नोकरी मिळाली असे मात्र नाही. पात्र उमेदवारांपैकी अनेक जण वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवत आहेत, हे वास्तव या वाटेला लागण्यापूर्वी डोळ्यांसमोर ठेवावे.

गेल्या काही वर्षांत सर्वाधिक हालचाल झाली आहे ती नकाशा आणि स्थानिक माहितीच्या क्षेत्रात. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने भारतीय कंपन्यांना नकाशे तयार करण्यासाठी पूर्वी लागणाऱ्या परवानग्यांची अट काढून टाकली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण जाहीर झाले. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांचे ड्रोनने मापन होऊ लागले. सरकारी बाजूला नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, हैदराबादचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र, कोलकात्याची राष्ट्रीय नकाशा संस्था आणि जनगणना विभागाची नकाशा शाखा येथे भूगोलाच्या पदव्युत्तर पदवीधरांना काम मिळते, जरी त्यातील बरेचसे प्रकल्पापुरते आणि कंत्राटी असते. खासगी कंपन्यांत सुरुवातीचे काम बहुधा प्रतिमेवरून रस्ते, इमारती आणि वाहिन्या रेखाटण्याचे, म्हणजे कंटाळवाणे असते. त्यात दीड-दोन वर्षांहून अधिक काळ अडकू नये. विश्लेषण किंवा माहितीसाठ्याच्या व्यवस्थापनाकडे सरकण्याची तयारी त्याच काळात करावी. या दिशेने पुढील शिक्षण घ्यायचे असेल, तर पुणे विद्यापीठाचा भूगोल विभाग आणि सिम्बायोसिसची भूमाहितीशास्त्र संस्था येथे एम. एस्सी.चे अभ्यासक्रम आहेत, डेहराडूनच्या संस्थेत पदव्युत्तर पदविका आहे, आणि २०२२ पासून गेट या पदव्युत्तर प्रवेशाच्या राष्ट्रीय परीक्षेत जिओमॅटिक्सचा, म्हणजे सर्वेक्षण आणि नकाशा-माहितीच्या तंत्राचा, स्वतंत्र पेपर सुरू झाला आहे.

कमी लोकांना ठाऊक असलेली आणि मला विशेष आवडणारी वाट नगर आणि प्रादेशिक नियोजनाची आहे. दिल्लीच्या नियोजन आणि वास्तुकला विद्यालयासारख्या संस्थांत एम. प्लॅन.ला (नियोजनातील पदव्युत्तर पदवीला) केवळ वास्तुविशारद आणि अभियंतेच नव्हे, तर भूगोल, अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्रातील पदव्युत्तर पदवीधरही पात्र असतात. शहराच्या विकास आराखड्याच्या कामात नदीची पूररेषा कोठे आहे आणि तिच्या आत कोण राहते हे एका नकाशावर आणणारी व्यक्ती लागते. अभियंत्याच्या तुलनेत हे काम भूगोलाच्या विद्यार्थ्याला अधिक सहज जमते असा माझा अनुभव आहे. याच्या शेजारचीच दुसरी वाट पाणलोट आणि आपत्ती व्यवस्थापनाची. १९९३ पासून काम करणाऱ्या वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्टसारख्या पुण्यातील संस्था, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्ष आणि मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतील आपत्ती अभ्यासाचे शिक्षण यांची माहिती या वाटेसाठी घ्यावी. येथे पगार सुरुवातीला बेताचे असतात, गावोगाव फिरावे लागते आणि लोकांशी बोलता येणे ही पहिली पात्रता असते.

अर्ज करताना

अर्जासोबत गुणपत्रिका सगळेच जोडतात. ज्याने तालुक्याचे काम मनापासून केले आहे, त्याच्याजवळ पदवीअखेरीस चार-पाच स्वतःचे नकाशे असतात. ते एका पीडीएफ धारिकेत घालून अर्जाला जोडावेत. त्यांची निवड अशी असावी की एकात उतार किंवा पाणलोट, दुसऱ्यात लोकसंख्या किंवा पिके, तिसऱ्यात दोन काळांतील जमीनवापराचा बदल दिसावा. प्रत्येक नकाशावर प्रमाण, दिशा, सूची, माहितीचा स्रोत आणि वर्ष असल्याची खात्री करावी. शीर्षक एका ओळीत मावणारे असावे. नकाशाखाली चार ओळींत, माहिती कोठून घेतली, पडताळणी कोठे केली आणि कोणत्या भागाबद्दल शंका उरली, हे लिहावे. मुलाखत घेणारा यातील एखादाच नकाशा उघडेल आणि विचारेल की लोकसंख्येचे पाच वर्ग कोणत्या पद्धतीने पाडले आणि चार किंवा सहा का नाही. त्या प्रश्नाचे उत्तर तयार असेल असाच नकाशा धारिकेत ठेवावा. बाकीचे कितीही देखणे असले तरी काढून टाकावेत.